एकाच बापाचा गोठा

पेढे परत घेऊन जा. सोलापूरच्या प्रदर्शनात तुझ्या वळूला पहिलं बक्षीस मिळालं, गुलाल उधळत त्याची मिरवणूक निघाली, ते फोटो मी पाहिले. वळू देखणा आहे, त्यात वाद नाही. वशिंड भरलेलं, अंग आटोपशीर, शिंगं मागे झुकून टोकाला वर गेलेली, पाय कोरडे, चाल तडफदार. असा खिलार बघितला की माणदेशातल्या माणसाचा पाय रस्त्यात थबकतो, माझाही थबकला असता. पण पेढ्यांच्या पुड्याबरोबर तू जे चकचकीत पत्रक दिलंस ते मी वाचलं, आणि तोंडातला पेढा कडू झाला.

काय छापलं आहेस? "शुद्ध खिलार पैदास केंद्र. चौतीस गाई. सर्व वासरे एकाच चॅम्पियन वळूची. खात्रीशीर रक्त." अरे, ही जाहिरात आहे की गुन्ह्याची कबुली? दुसरा कुणी असता तर मी गप्प बसलो असतो. पण तू माझ्या वर्गात बसून आनुवंशिकता शिकलास. मेंडेलचे वाटाणे तुला पाठ होते. परीक्षेत मार्क पडले आणि वाटाणे वहीतच राहिले. गोठ्यात आल्यावर जनुकं बाहेर चपला काढून ठेवतात, असं वाटलं काय तुला?

बस तिथे आणि हिशेब कर. अभ्यासक्रमात नव्हता, म्हणून आज शिकवतो. नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या गुणिले चार, आणि त्याला नर-माद्यांच्या बेरजेने भाग. तुझा एक वळू, चौतीस गाई. एकशे छत्तीस भागिले पस्तीस. उत्तर आलं ३.९. कळलं का काय आलं ते? गोठ्यात तू पस्तीस जनावरांना वैरण घालतोस, पण वंशाच्या खात्यावर तुझ्याकडे चारसुद्धा जनावरं नाहीत. आता या आकड्याची दुप्पट करून एकाला तिने भाग. जवळजवळ तेरा टक्के. दर पिढीला तुझ्या गोठ्यातला सगोत्रपणा या वेगाने वाढणार. एखादी जात धडपणे टिकवायची तर हा आकडा एक टक्क्याच्या आसपास असावा, म्हणजे खात्यावर किमान पन्नास जनावरांइतकं रक्त असावं, असं संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना सांगते. तुझ्याकडे चार. आणि हा ढोबळ हिशेब झाला, सगळ्या गाई एकमेकींच्या परक्या आहेत असं धरून केलेला. तुझ्या निम्म्या गाई तुझ्या आजोबांच्या दोन गाईंच्या वंशातल्या आहेत, हे तू विसरलास तरी मी विसरलेलो नाही.

पण माझा खरा राग यावर नाही. एक वळू घेतला, पैसे तेवढेच होते, समजू शकतो. त्या वळूच्या पहिल्या वेताच्या कालवडी आता माजावर येतील, त्यांच्यासाठी काय करणार, असं विचारल्यावर तू हसत म्हणालास, "सर, त्यालाच लावायचं. रक्त पक्कं होतं." हे वाक्य मला झोपू देत नाही. बहिणीचं लग्न ठरवताना तुझ्या घरच्यांनी गोत्र, देवक, सोयरीक, सगळं उकरून काढलं होतं. गोठ्यात मात्र बाप आणि लेक एका खुंटाला!

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं की, असं म्हणशील. होतं. त्या लग्नातून झालेल्या मुलाचा सगोत्रपणा एक सोळांश. सावत्र भावंडांपासून झालेल्या पिल्लाचा एक अष्टमांश. बाप-लेकीच्या वासराचा एक चतुर्थांश. हे आकडे माझे नाहीत. अमेरिकेच्या कृषी खात्यात गिनीपिगांच्या पिढ्यांमागून पिढ्यांचा अभ्यास करणाऱ्या स्यूअल राइटने १९२२ साली हे मोजमाप मांडलं. म्हणजे या ज्ञानाला शंभर वर्षं होऊन गेली, आणि तू अजून "रक्त पक्कं" म्हणतोयस.

पक्कं होतं, हे खरं आहे. पण काय पक्कं होतं, हा प्रश्न तू विचारलाच नाहीस. प्रत्येक जनावर काही दोष लपवून फिरत असतं. जोडीतला एक जनुक बिघडलेला असतो, दुसरा धड असतो, त्यावर काम निभावतं आणि अंगावर काही दिसत नाही. तुझ्या चॅम्पियनच्या अंगावरही दिसत नाही. त्याच्या लेकीत तो बिघडलेला जनुक निम्म्या शक्यतेने गेला. आता लेकीला पुन्हा बाप लावला की बिघडलेल्याला बिघडलेला भेटण्याची वाट मोकळी. मग गाय तीन-तीनदा उलटते. तू म्हणतोस, चारा बदलला असेल. गाभ टाकते. तू म्हणतोस, कुणाची नजर लागली. वासरू उभं राहायला दोन दिवस घेतं. तू म्हणतोस, थंडी होती. शिंगांची ठेवण पक्की होते तसा हाही दोष पक्का होतो, आणि प्रदर्शनातला परीक्षक फक्त शिंगं बघतो.

जुने पैदासकार जवळच्या नात्यात पैदास करत, हेही ठाऊक आहे मला. पण ते दरवेळी बरीच वासरं पैदाशीतून बाद करत. तू कधी एक तरी बाद केलंस? तू तर प्रत्येक खोंडाचा फोटो काढून भाव लावतोस. आणि अशी काटेकोर निवड करणाऱ्यांचंही काय झालं ते ऐक. इंग्लंडात टॉमस बेट्स नावाचा पैदासकार होता. शॉर्टहॉर्न गाईंमधलं 'डचेस' हे घराणं त्याने जवळच्या नात्यात पैदास करून नावारूपाला आणलं. तो १८४९ मध्ये गेला, पण घराण्याचं वेड वाढतच राहिलं. १८७३ साली अमेरिकेत न्यूयॉर्क मिल्सच्या लिलावात त्या घराण्यातली एक गाय ४०,६०० डॉलरला गेली. त्या काळातले डॉलर, बरं का. लोक गाय घेत नव्हते, नाव घेत होते. आणि तिकडे गोठ्यात डचेस गाई गाभण राहीनाशा झाल्या होत्या. पुढे ते घराणंच संपलं. आपल्या आटपाडीच्या बाजारात २०२० साली एका माडग्याळ मेंढ्याला सत्तर लाखांची मागणी आली आणि मालकाने दीड कोट सांगितले, तेव्हा गावोगावचे लोक फोटो काढायला धावले. मला न्यूयॉर्क मिल्सचा तो लिलाव आठवला.

हे दीडशे वर्षांपूर्वीचं झालं, आता विज्ञान पुढे गेलं, असं म्हणू नकोस. विज्ञान पुढे गेलं म्हणूनच एक वळू लाखो गाईंपर्यंत पोचायला लागला. अमेरिकेत नेब्रास्कामध्ये १९६२ साली पॉनी फार्म आर्लिंडा चीफ नावाचा होल्स्टीन वळू जन्मला. लेकी सोळा हजार. नाती पाच लाखांच्या वर. पणत्या वीस लाखांच्या वर. त्याच्या एका जनुकात बिघाड होता, आणि दोन्हीकडून तोच बिघाड आला की वासरू पोटातच मरायचं. पस्तीस वर्षांत जगभर सुमारे पाच लाख गर्भ असे गेले आणि नुकसान बेचाळीस कोटी डॉलरचं, असा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला. वळू वाईट नव्हता, हे लक्षात ठेव. त्याच्या रक्ताने जेवढं दूध वाढलं त्याचा पैसा या नुकसानीच्या कितीतरी पट होता. तुझाही वळू वाईट नाही. दोष वळूचा नसतो, त्याच्याशिवाय दुसरं कुणी न ठेवणाऱ्याचा असतो.

आणि हा बिघाड सापडला कसा, ते तुझ्या कामाचं आहे. २०११ मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी हजारो जनावरांच्या नोंदी आणि जनुकांचे नकाशे ताडून पाहिले. गुणसूत्राचा एक तुकडा असा निघाला की तो दोन्हीकडून मिळालेलं एकही जिवंत जनावर नाही. हिशेबाने ती असायला हवी होती. हजेरीपटावर नाव आहे, बाकावर पोरगं नाही, यावरून मास्तरला जसं कळतं तसं त्यांना कळलं. जी वासरं जन्मलीच नाहीत, त्यांच्या गैरहजेरीवरून दोष पकडला. नोंदी होत्या म्हणून पकडला. तुझ्याकडे काय आहे? वळू लावायचे किती घेतले त्याची वही आहे. ती मी चाळली. गाईच्या मालकाचं नाव, गाव, मोबाईल नंबर, रक्कम, बाकी. गाय कुणाची लेक, तिच्या आईचा बाप कोण, मागच्या खेपेला राहिली की उलटली, यातलं एक अक्षर नाही. उधारी बरोबर लिहिता येते, वंशावळ मात्र लक्षात राहते म्हणे!

लक्षात काय राहतं ते सांगू? पत्रकावर एका नवजात वासराचा फोटो टाकून खाली लिहिलंस, "दुर्मीळ तांबूस माथ्याचे वासरू, मागणी त्वरित नोंदवा." शहाण्या, खिलारच्या वासरांच्या माथ्यावर जन्मतः तांबूस झाक असते आणि ती दोनेक महिन्यांत निघून जाते. तुझे आजोबा हे डोळे मिटून सांगायचे. घेणारा पुण्याचा हौशी माणूस असेल, तिसऱ्या महिन्यात तुला फोन करील तेव्हा काय सांगणार आहेस? धुतल्यावर गेला?

आता "शुद्ध" या गोष्टीकडे येतो. कशातलं शुद्ध? खिलार म्हणजे एकच एक साचा नव्हे. १९५३ साली अन्न व कृषी संघटनेने भारत-पाकिस्तानातल्या गाईंवर जोशी आणि फिलिप्स यांचा ग्रंथ काढला, तेव्हापासून खिलारच्या शाखा कागदावर नोंदलेल्या आहेत, आणि धनगरांच्या तोंडी त्याच्याही कितीतरी आधीपासून आहेत. औंध संस्थानातल्या आटपाडी महालाची हणम खिलार. सोलापूर-साताऱ्याकडची म्हसवड खिलार, करड्या-पांढऱ्या रंगाची, नराचा पुढचा-मागचा भाग गडद आणि तोंडावर ठिपक्यांची झाक. खानदेशातली तापी खिलार, पांढरी, नाकाडी आणि खूर गाजरी. शिवाय नकली खिलार, अंगावर विटकरी झाक असलेली. या शाखा कुणी हौसेने पाडल्या नाहीत. माणगंगेच्या खोऱ्यातला खडकाळ माळ, कमी पाऊस, मैलोन्‌मैल चालणारे कळप, आणि तिकडे तापीकाठची काळी जमीन, अशा वेगवेगळ्या निकडीतून त्या घडल्या. एका वेतात फार तर चार-पाचशे लिटर दूध देणारी ही गाय लोकांनी दुधासाठी सांभाळली नाही, तिच्या पोटच्या बैलाच्या पायांसाठी सांभाळली.

तू काय केलंस? वळू म्हसवडचा. खानदेशातून दहा गाजरी नाकाच्या गाई आणल्यास, कारण फोटोत पांढऱ्या दिसतात. शर्यतीवाल्यांनी सांगितलं म्हणून म्हैसूरकडच्या रक्ताच्या दोन आणल्यास. सगळ्यांना तोच वळू लावलास आणि सगळ्या वासरांवर "शुद्ध" लिहिलंस. म्हणजे दोन्हीकडून चूक. जिथे रक्त वेगळं ठेवायचं तिथे कालवलंस, आणि जिथे नवं रक्त आणायचं तिथे बाप-लेक एक केलंस. असा दुहेरी पराक्रम माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत दुसऱ्या कुणी केल्याचं स्मरत नाही.

शर्यतीवाल्यांचं नाव काढलंच आहे तर तेही बोलून टाकतो. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली. १६ डिसेंबर २०२१ ला सशर्त परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. बंदी योग्य की अयोग्य यावर मला तुझ्याशी वाद घालायचा नाही. पण त्या साडेसात वर्षांत, आणि त्याआधीच ट्रॅक्टर आल्यापासून, खोंड सांभाळणं लोकांना परवडेना. गावोगावचे वळू खच्ची झाले, विकले गेले. मग २०२२ मध्ये लंपी रोग आला, जनावरांचे बाजार बंद झाले, दावणी रिकाम्या झाल्या. एवढ्या चाळणीतून जे थोडं रक्त उरलं, त्याच्यावर शर्यतींमुळे मागणीची एकदम झुंबड उडाली, आणि सगळे धावले दोन-चार नावाजलेल्या वळूंकडे. आधीच अरुंद झालेली वाट तुम्ही सगळ्यांनी मिळून आणखी अरुंद केलीत. ३० सप्टेंबर २०२४ ला सरकारने देशी गाईला राज्यमाता जाहीर केलं. चांगली गोष्ट. त्या घोषणेनं तुझ्या कालवडीला वेगळा बाप मिळत नाही.

तुझ्या धाकट्या भावालाही बोलव, तो दारात उभा राहून ऐकतोय ते दिसतंय मला. पुण्यात कॉलेज सोडून खोलीत काचेच्या पेट्या मांडून लेपर्ड गेको नावाच्या पाली पाळतो, पिल्लं काढतो, आणि तुझ्यापेक्षा आपला धंदा आधुनिक आहे असं समजतो. ये, बस. तुझ्या पालीला पापण्या आहेत, आपल्या भिंतीवरच्या पालीला नसतात, एवढं तरी माहीत असेल. तिचा मूळ मुलूख पाकिस्तान, अफगाणिस्तानाकडचा. मॉन्टेनस, फॅसिओलेटस, अफगाणिकस अशा उपजाती त्यात मानल्या जातात, कुणी डोंगराची, कुणी सखल भागाची. पेटीत आल्यावर त्यांची सरमिसळ झाली आणि आज बाजारातली बहुतेक पिल्लं कुठल्या टेकडीची हे कुणालाच सांगता येत नाही. उरले ते रंग आणि रंगांची लाडकी नावं. दादाच्या पत्रकातल्या "तांबूस माथ्या"सारखीच.

या रंगांपैकी 'लेमन फ्रॉस्ट' तुला माहीत असेलच. लिंबासारखा पिवळा, वर पांढरी झाक. २०१५ च्या सुमारास एका पिल्लात हा रंग निघाला आणि त्याची पैदास करायला परदेशातल्या पैदासकारांची झुंबड उडाली. नंतर कळलं की ज्या पेशी ही पांढरी झाक देतात त्यांच्याच गाठी होतात. तो रंग वागवणाऱ्या पालींपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिकांना. २०२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी जनुक शोधून काढला. कर्करोग आणि रंग एकाच जागी बसलेले. 'एनिग्मा' नावाच्या दुसऱ्या रंगाच्या पाली गोल गोल फिरत राहतात, मान वर करून आभाळाकडे बघत बसतात, समोरचं भक्ष्य त्यांना धड पकडता येत नाही. तरी विकल्या जातात, कारण फोटोत मान नीट दिसते. आणि एक गोष्ट कान देऊन ऐक. आपल्या खानदेशातही या पालीची एक सख्खी भावकी आहे, युब्लेफॅरिस फस्कस. सातपुड्यातल्या पालीला तर २०१४ मध्ये वेगळी जात म्हणून नाव मिळालं, सातपुराएन्सिस. "नवं रक्त" म्हणून रानातल्या दगडाखालून त्यांना उचलून पेटीत घालायचा विचार कुणा मित्राच्या डोक्यात असेल, तर त्याला आधी माझ्याकडे घेऊन ये. चहासाठी नव्हे.

दोघंही मनात म्हणत असाल, सरांना कालवलेलं आवडत नाही आणि जवळचंही आवडत नाही, मग करायचं तरी काय? इथून फलटण लांब नाही. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने काय केलं ते पाहा. बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये ती संस्था काढली. आपली दख्खनी मेंढी काटक, पण बहुधा एकच कोकरू देणारी. सुंदरबनातली गारोळे मेंढी अंगाने बारकी, पण जुळी-तिळी देणारी, कारण तिच्यात एक विशिष्ट जनुक आहे. संस्थेने तो एक जनुक दख्खनी मेंढीत आणला, आणि पुढच्या पिढ्या पुन्हा पुन्हा आपल्याकडच्या मोठ्या अंगाच्या मेंढ्यांशी जोडत नेल्या, म्हणजे जनुक राहील आणि गारोळेचं बारकं अंग निघून जाईल. त्यातून सुवर्णा मेंढी निघाली. हाही संकरच. पण कुठलं रक्त, कशासाठी, किती आणि कुठे थांबायचं, हे आधी ठरवलेलं. कोकरागणिक चाचणी, कोकरागणिक नोंद, आणि मेंढपाळांच्या कळपात नेऊन पारख. तुझ्या दोन म्हैसुरी गाईंच्या वासरांचं काय करायचं, हे तू ठरवलंयस का? नाही. ती "शुद्ध" म्हणून विकली जाणार आणि कुणाच्या तरी गोठ्यात जाऊन पुढचा घोळ घालणार.

थोडं नान्नजचंही सांगतो, कारण ते तुझ्या गावाहून तासाभराच्या अंतरावर आहे. १९७९ मध्ये तिथे माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. २०१९ मध्ये माळढोकाची बंदिस्त पैदास सुरू झाली ती जैसलमेरला, तिथल्याच रानातल्या अंड्यांपासून. सोलापूरच्या माळावरचं रक्त त्या पैदाशीत नाही, कारण तोवर आपल्याकडे माळढोक दिसला तर एखादा. पैदास करायची तर उरलेलं बरंच असताना करावी लागते.

आता शेवटचा हिशेब, आणि हा नीट उतरवून घे. चौतीस गाईंना तू एकाऐवजी चार वळू ठेवलेस, तर खात्यावर चौदा होतील. चारपेक्षा बरं, पन्नासपासून लांबच. तू कितीही पैसा ओत, एका गोठ्यात खिलार टिकत नाही. दोन लाखांचा वळू घे, वीस लाखांचा घे, उत्तर बदलत नाही, कारण गणित किंमत मोजत नाही, बाप मोजतं. पण समज, सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर मिळून तुझ्यासारखे पाच गोठे एकत्र आले. गाई एकशे सत्तर. वळू पंधरा, एकमेकांच्या नात्यातले नसलेले. चार गुणिले पंधरा गुणिले एकशे सत्तर, भागिले एकशे पंच्याऐंशी. पंचावन्न. पन्नासच्या वर गेलास. आणि ते बाकीचे चार गोठे कुणाचे? ज्यांच्या गाई "भेसळीच्या" म्हणून तू बाजारात सांगत फिरतोस त्यांचे. ज्यांच्याशी वळूच्या दरावरून तू भांडलास त्यांचे. तुझ्या गोठ्याचं पुढचं रक्त तुझ्या भाऊबंदांच्या दावणीला बांधलेलं आहे. तिथे जाऊन नमतं घेणं तुला जड जाणार, हे मला माहीत आहे. जा.

गेल्यावर वळू फिरते ठेवायचं ठरवा. एका गोठ्यातला वळू दोन-अडीच वर्षांनी, त्याची पहिली कालवड माजावर यायच्या आत, पुढच्या गोठ्यात गेला पाहिजे. पाच गोठ्यांचं चक्र पुरं होईस्तोवर लेक आणि बाप समोरासमोर येत नाहीत. मध्ये कमी पडलं तर उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेकडे आणि राज्याच्या पशुधन विकास मंडळाकडे खिलारच्या गोठीत रेतमात्रांची चौकशी कर. नळकांडीवरचा वळूचा नंबर लिहून घे, नुसतं "खिलार" लिहून आणू नकोस. आपल्या वळूच्याही मात्रा साठवता येतील का, हे विचार. उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये ठेवलेलं रेत तू आणि मी दोघंही गेल्यावर कामाला येईल. तापीच्या दहा गाई खानदेशातल्याच वळूकडे जाऊ देत, किंवा तिकडच्या पैदासकाराला परत विक. म्हैसुरी वासरांच्या कागदावर संकर असा शब्द लिही, दर पडला तर पडू दे.

नोंदवही आजच कर. गुरांच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला असतो ना, तो नुसता अनुदानासाठी नसतो. त्या आकड्यापुढे आई, बाप, आईचा बाप, बापाची आई, गाव, शाखा, जन्मतारीख, किती वेळा उलटली, वासरू मेलं तर का मेलं, सगळं लिही. मेलेल्या वासरांची नोंद आधी लिही, ती लपवायची सवय सगळ्यात लवकर लागते. गीर, कांकरेज, ओंगोल यांच्यासाठी केंद्र सरकारची कळपनोंदणी योजना आहे. आपल्या खिलारची वही आपल्यालाच घालावी लागेल. गिऱ्हाईक आलं की वळूच्या आधी वही दाखव. जो वही न बघता पैसे काढतो त्याला विकू नकोस, तो पुढच्या वर्षी फोटोवरूनच दुसरीकडे जाणार आहे.

आणखी एक. आजोबांच्या त्या दोन म्हाताऱ्या गाई, शिंगं जरा वेडीवाकडी म्हणून तू बाजारात पाठवायला निघालायस, असं तुझी आई फोनवर सांगत होती. खबरदार. त्या लंपीत एकदाही आडव्या पडल्या नाहीत. त्यांच्या अंगात काय आहे हे तुला ठाऊक नाही आणि मलाही नाही, म्हणूनच त्या राहिल्या पाहिजेत. त्यांना परक्या वळूची दोन वासरं होऊ दे, मग शिंगांचं बघू.

उभा राहून "हो सर, हो सर" करू नकोस. वर्गातही तू तेच करायचास आणि नंतर बाकाखाली काय बे, काय बे चालायचं. घरी जा आणि ज्या नऊ कालवडी माजाला येण्याच्या बेतात आहेत त्यांना आज रात्रीच्या आत वळूच्या गोठ्यातून बाहेर काढ. जागा नाही म्हणालास तर ट्रॅक्टर शेडबाहेर उभा कर, त्याला पावसात काही होत नाही.